रोलच्या डबीला काम द्या

दिवाळीच्या साफसफाईत माळा उपसला की बऱ्याच घरांत एक पिशवी निघतेच. आत कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डब्या. काळ्या, करड्या झाकणाच्या. काही दुधी, आतलं अंधूक दिसेल अशा. नशीब असेल तर एखादी अॅल्युमिनियमची, आट्यांच्या झाकणाची. कॅमेरा कुणीतरी मागून नेला तो परत आला नाही, अल्बमचे प्लास्टिक कागद पिवळे पडून फोटोंना चिकटले, पण डब्या जशाच्या तशा. ‘राहू देत, कशाला तरी होतील’ म्हणून पिशवी पुन्हा माळ्यावर जाते. त्या ‘कशाला तरी’चा जरा नीट विचार करू.

डब्या फेकवत नाहीत, यात आठवणींचा वाटा आहेच. ३६ फोटोंचा रोल म्हणजे हिशेबाचं काम. गणपतीत घातलेला रोल दिवाळीपर्यंत पुरवायचा, लग्नात सप्तपदीचे किती आणि पंगतीचे किती ते आधी ठरवायचं, कुणी डोळे मिटले तर चुकचुकायचं. शेवटी दोन-तीन फोटो उरले की रोल धुवायला टाकायच्या घाईत गच्चीतल्या कुंड्यांचे काढायचे. जुन्या अल्बमांत कुंड्या इतक्या का दिसतात, याचं उत्तर हे. पण आठवणी बाजूला ठेवल्या तरी डबी ही वस्तू म्हणूनच चांगली आहे, आणि तिचा गुण नेमका कोणता हे कळलं की तिला काम देणं सोपं जातं.

३५ मिलिमीटरची फिल्म मुळात सिनेमाची. १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला तेव्हा तीच फिल्म अंधारात कापून भरावी लागे. १९३४ मध्ये कोडॅकने रेटिना कॅमेऱ्याबरोबर तयार भरलेली नळकांडी आणली आणि रोल उजेडात घालता येऊ लागला. त्या नळकांडीच्या फटीला मखमलीची पट्टी असते. उजेड अडवायचं काम ती करते. बाहेरच्या डबीवर काम उरलं दमट हवा आणि धूळ बाहेर ठेवायचं. म्हणून तर फुजीची डबी दुधी असूनही चालायची. थोडक्यात, ही दमटपणाविरुद्ध केलेली डबी आहे, आणि चार महिने भिंतींना ओल येणाऱ्या मुलखात हा गुण काही कमी नाही.

आतली जागा साधारण ३० मिलिमीटर रुंद आणि पाच सेंटीमीटरच्या आत-बाहेर खोल. कोडॅकच्या डबीचं अंग कडक पॉलिथिलीनचं आणि झाकण मऊ पॉलिथिलीनचं असतं; बुडाशी त्रिकोणात २ आणि झाकणावर ४ असा आकडा दिसला तर तो त्याचाच. कोडॅकचं झाकण तोंडावरून बाहेरून बसतं, फुजीचं तोंडाच्या आत रुतून बसतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. घरी क्लिक थ्रीसारखा कॅमेरा असूनही डब्या सापडत नसतील तर शोधत बसू नका. तो १२० चा रोल कागदासकट रिळावर गुंडाळलेला आणि चकचकीत पाकिटात यायचा. त्याच्यासोबत ही डबी नसे.

आता पहिलं काम: प्रत्येक डबी हलवून बघा. आत खुळखुळलं तर घाईने काही ओढू नका.

आत न धुतलेला रोल असू शकतो. नळकांडीतून फिल्मची जीभ बाहेर असेल तर बहुधा तो वापरलेलाच नाही. फिल्म पूर्ण आत गेलेली असेल तर बहुधा फोटो काढून झालेले आहेत. ‘बहुधा’ दोनदा म्हटलं, कारण काही हौशी मंडळी गुंडाळताना जीभ मुद्दाम बाहेर ठेवत. नळकांडीवर काय छापलंय ते वाचा. चंदेरी-काळ्या चौकोनांची नक्षी असेल तर रोल १९८३ नंतरचा. कॅमेऱ्याने फिल्मचा वेग आपोआप ओळखावा म्हणून ती नक्षी त्या वर्षी आली. ‘सी-४१’ असं लिहिलेलं असेल तर ती नेहमीची रंगीत निगेटिव्ह, आणि ती आजही धुऊन मिळते. मुंबई-पुण्यात असं काम करणारे थोडे स्टुडिओ अजून आहेत, त्यांना आधी फोन करून ‘जुना रोल आहे’ असं स्पष्ट सांगा. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ निघाला तर तो बहुधा ब्लॅक अँड व्हाइट. सरकारी मालकीची ही कंपनी १९६० साली स्थापन झाली आणि आता बंद आहे, पण ब्लॅक अँड व्हाइट फिल्म धुणारा माणूस तिचा रोलही धुऊ शकतो. पूर्व जर्मनीच्या ओरवोच्या जुन्या रंगीत फिल्मची धुलाई वेगळ्या पद्धतीची होती, ती सी-४१ च्या मशीनमध्ये देऊ नका. परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेला कोडाक्रोम असेल तर रंगांची आशा सोडा. त्याची रंगीत धुलाई करणारी शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेतल्या कॅन्ससमधली, आणि तिने २०१० च्या अखेरीस ते काम थांबवलं. अशा रोलमधून निघाल्याच तर ब्लॅक अँड व्हाइट आकृत्या निघतील. वर्षानुवर्षं पत्र्याखाली तापलेल्या माळ्यावर राहिलेल्या रोलवर धुकं चढलेलं असतं, रंग भलतीकडे गेलेले असतात. तरी आजीचा चेहरा ओळखू येण्याएवढं पुष्कळदा उरतं. धुवायला दिल्याशिवाय मात्र ते कळणार नाही.

काही डब्यांत धुतलेली निगेटिव्ह गुंडाळी करून कोंबलेली सापडेल. हे मात्र आजच बाहेर काढा. या फिल्मचा पाया अॅसिटेटचा. जुना झाला, उष्णता-ओल लागली, की तो हळूहळू कुजतो आणि त्यातून अॅसेटिक आम्ल सुटतं. बंद डबीत ते आम्ल कोंडून राहतं आणि कुजणं आणखी वेगाने होतं. झाकण उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर सुरुवात झालेली आहे. ती पट्टी बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि लवकर स्कॅन करून घ्या. चांगल्या पट्ट्या सहा-सहा फोटोंच्या तुकड्यांत कापून साध्या कागदी पाकिटात, आडव्या, कोरड्या कपाटात ठेवाव्यात. दमट हवेविरुद्ध इतकी गुणी असलेली डबी नेमकी निगेटिव्हला वाईट. गंमत आहे, पण खरं आहे.

डब्या रिकाम्या झाल्या की साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. उकळतं पाणी नको, मऊ झाकण वाकडं होतं आणि मग कधीच नीट बसत नाही. लेबलचा चिकटा खोबरेल तेलाने निघतो. मग परीक्षा घ्या. डबीत टिश्यू पेपरचा कोरडा तुकडा घाला, झाकण लावा, पातेल्यातल्या पाण्यात वरून वाटी दाबून दहा मिनिटं बुडवून ठेवा. डबी बाहेरून पुसा, हात पुसा, मग उघडा. कागद कोरडा असेल तर ती पास. कडा ओलसर दिसली तर झाकण म्हातारं झालंय. बारीक चीर गेलेली असते, नखाने दाबलं तर दिसते. अशी डबी बटणांना चालेल, बियाण्याला नाही.

बियाण्याला म्हणजे खरोखरच बियाण्याला. माझ्या मते काळ्या डबीला याहून चांगली नोकरी नाही. परसात किंवा कुंडीत मिरची, टोमॅटो, वांगी, माठ, तुळस लावणाऱ्यांना दरवर्षी चिमूटभरच बी राखायचं असतं. बियाण्याला घालवतात उजेड, उष्णता आणि ओल. यातल्या दोघांची काळजी डबी घेते, उष्णतेची तुम्ही घ्या: डबी ओट्याजवळ नको, घरातल्या थंड कपाटात. बी आधी सावलीत खडखडीत वाळवा. मिरचीचं बी नखाने वाकवलं तर वाकता कामा नये, तटकन तुटलं पाहिजे. ओलसर बी हवाबंद डबीत ठेवलं तर महिन्यात बुरशी. तळाशी बुटांच्या किंवा औषधांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाका. ती नसेल तर चाळलेली कोरडी राख मलमलच्या चिंधीत बांधून. झाकणाला सेलोटेपने एक बी वरून चिकटवून ठेवा आणि अंगावर नाव व साल लिहा. चार काळ्या डब्या एकसारख्या दिसतात, आणि वांगी व मिरचीच्या बियांत फरक करणं चष्म्याशिवाय सगळ्यांना जमत नाही.

शिवणकामाला दुधी डब्या बऱ्या, कारण आतलं दिसतं. घरगुती मशीनच्या बॉबिना त्यात एकावर एक तीन-चार बसतात. हुक-आय एकीत, सेफ्टी पिना दुसरीत, ब्लाउजची जादा बटणं तिसरीत. प्रवासाला न्यायची म्हणून एक वेगळी करा: दोन सुया कापडाच्या तुकड्यात टोचून, पांढरा-काळा दोरा जाड कागदाच्या पट्टीवर गुंडाळून, दोन शर्टाची बटणं, दोन पिना. लग्नाच्या हॉलवर ऐन मुहूर्ताला ब्लाउजचा हुक तुटतो तेव्हा या डबीची किंमत कळते.

सुट्ट्या पैशांना ती उत्तम. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं, बाकीची त्याहून लहान किंवा तेवढीच. सगळी आत बसतात आणि खिशात खणखणत नाहीत. आता भाजीवालीकडेही यूपीआय आहे म्हणून नाण्यांची गरज कमी झाली हे खरं, पण देवळात, एसटीत आणि रेंज नसलेल्या घाटात ती लागतात. कॅमेऱ्याचं मेमरी कार्डही यात सहज मावतं. बटणासारख्या सेलना मात्र यात मोकळं टाकू नका. नवे असोत की संपलेले, एकमेकांना टेकले की तापतात. प्रत्येकाला टेप लावून मगच ठेवा.

पावसाळी ट्रेकला जाणाऱ्यांसाठी काडेपेटी. काड्यांची गुलं खाली, काड्या डबीत मावतील इतक्या आखूड केलेल्या, आणि पेटीची घासायची पट्टी कापून वेगळ्या प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळून त्याच डबीत. पट्टी आणि गुलं एकमेकांना घासणार नाहीत एवढं बघा. दुसऱ्या डबीत कापसाचे बोळे व्हॅसलिनमध्ये मळून ठेवले तर चूल पेटवायला ओल्या लाकडाशी झगडावं लागत नाही. जिथे चुलीला परवानगी आहे तिथेच, हे वेगळं सांगायला नको. किल्ल्यांवर बहुतेक ठिकाणी ती नसते.

देवघराचंही काम डबी करते: अंगारा, कुंकू, कापूर. कापूर उघडा ठेवला तर उडून जातो, घट्ट झाकणाखाली पुष्कळ टिकतो. पण पॉलिथिलीन वास पिऊन घेतं. एकदा कापूर ठेवला की ती डबी कायमची कापराची. हळद ठेवली तर कायमची पिवळी. एका डबीला एकच काम नेमून द्या, बदल्या करू नका.

खाण्याचा पदार्थ? इथे मी थोडा कडक आहे. वेलदोडे, केशर, प्रवासातलं मीठ-तिखट पूर्वी घरोघरी यात ठेवलं जाई आणि त्याने कुणाला काही झाल्याचं मी ऐकलेलं नाही. पॉलिथिलीन स्वतः निरुपद्रवीच असतं. तरी ही डबी अन्नासाठी बनवलेली नाही, आणि मुख्य म्हणजे तिचा इतिहास आपल्याला माहीत नसतो. स्टुडिओतून आलेली डबी आधी फोटो धुण्याच्या रसायनाचं माप म्हणून वापरलेली असू शकते. स्टीलच्या डब्या स्वस्त मिळतात, केशर त्यांत ठेवा. गोळ्या-औषधंही यात मोकळी ठेवू नयेत. पाकिटावरचं नाव आणि मुदत गेली की ती गोळी कशाची हे कुणालाच सांगता येत नाही, आणि हे झाकण तीन वर्षांचं पोरही उघडतं. पोरांबद्दलच बोलायचं तर झाकण तोंडात घालायच्या वयाची मुलं घरात असतील तर डब्या उंचावर ठेवा.

मोठ्या मुलांसाठी मात्र या डबीत एक बरी मजा आहे, आणि आतल्या झाकणाचा फरक इथे लागतो. फुजीसारखी, झाकण आत रुतणारी डबी घ्या. बाहेरून बसणारं झाकण दाब वाढण्याआधीच सुटतं. एक तृतीयांश पाणी भरा. चमचाभर इनो टिश्यू पेपरच्या पुडीत बांधून डबीत टाका, चटकन झाकण लावा, डबी झाकण खाली करून अंगणातल्या फरशीवर ठेवा आणि मागे व्हा. इनोतला खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल पाण्यात भेटले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, दाब वाढतो, झाकण फटकन सुटतं आणि डबी उंच उडते. नाही उडाली तर वाकून बघायला जाऊ नका; मिनिटभर थांबून बाजूने काठीने आडवी पाडा. डोळ्यांवर चष्मा हवा. इनोऐवजी कार्बाइड घालू नका. असल्या कार्बाइडच्या नळ्यांनी मुलांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या दिवाळीत तुम्ही वाचल्या असतील.

आणि ज्यांना डबीशी फोटोचं नातं तोडायचं नाही, त्यांनी तिचाच कॅमेरा करावा. हा कॅमेरा फोटो काढायला पाच महिने घेतो.

काळी डबीच घ्या, करड्या झाकणावरून इलेक्ट्रिशियनची काळी टेप गुंडाळा. डबीच्या अंगाच्या मध्यावर पाच-सहा मिलिमीटरचं भोक पाडा. थंड पेयाच्या कॅनचा अॅल्युमिनियमचा चौकोनी तुकडा कापून त्याला सर्वांत बारीक सुईचं फक्त टोक लावा, उठलेली कड पॉलिश पेपरने घासा. छिद्र पाव मिलिमीटरच्या आसपास हवं. उजेडाकडे धरून पाहिलं की गोल दिसलं पाहिजे. तो तुकडा भोकावर टेपने चिकटवा आणि छिद्रावर टेपचा छोटा पडदा लावून ठेवा. मग लाल झिरोच्या बल्बखाली ब्लॅक अँड व्हाइट ब्रोमाइड कागदाचा साडेचार सेंटीमीटर रुंद, साडेसात लांब तुकडा आतल्या भिंतीला वळवून बसवा. चकचकीत बाजू छिद्राकडे, आणि छिद्र मोकळं. झाकण टेपने बंद.

युरोपातले लोक असला कॅमेरा दक्षिणेकडे तोंड करून लावतात. पोलंड आणि स्पेनमधल्या छायाचित्रकारांनी २००० च्या सुमारास हा प्रकार रूढ केला तेव्हा त्यांचा सूर्य आकाशात बेताचाच वर चढत होता. आपल्याकडे दक्षिण चालणार नाही. पुण्यात मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि कागदाच्या वरून निघून जातो. म्हणून तोंड पूर्वेला करा. सूर्योदयाची जागा डिसेंबरात पूर्वेच्या साधारण २५ अंश दक्षिणेला असते आणि जूनपर्यंत जवळपास तितकीच उत्तरेला सरकते. हा सगळा पट्टा डबीच्या नजरेत येतो. २२ डिसेंबरच्या आसपास गच्चीच्या कठड्याला केबल टायने घट्ट बांधा, टेपचा पडदा काढा आणि विसरून जा. मेअखेर, पाऊस येण्याआधी, पडदा परत लावून उतरवा.

कागद धुवायचा नाही, हायपोत घालायचा नाही. झिरोच्या बल्बखाली काढला की चित्र त्यावर आधीच उमटलेलं दिसतं, तपकिरी आणि उलटं. एकदाच स्कॅन करा, कारण स्कॅनरच्या उजेडानेही ते पुसट होतं. संगणकावर रंग उलटे करा, डावं-उजवं फिरवा. समोरच्या इमारती, आणि त्यांच्यावरून चढत गेलेल्या रोजच्या सूर्याच्या तिरप्या रेषा दिसतील. मधे जिथे रेष तुटली आहे, तिथे त्या दिवशी ढग होते. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर विद्यापीठाच्या बेफर्डबरी वेधशाळेत २०१२ मध्ये बिअरच्या कॅनचा असाच कॅमेरा लावला होता आणि तो २०२० मध्ये काढला गेला. आठ वर्षांचे सूर्यमार्ग एका कागदावर! आपल्याला पाच महिने पुष्कळ.

इतकं करूनही डब्या उरतील. फिल्मवर फोटो काढणारी तरुण मुलं आता पुन्हा दिसतात. त्यांतली काही १०० फुटांची फिल्म एकदम विकत घेऊन स्वतः नळकांडीत भरतात. त्यातून ३६ फोटोंचे अठरा-एकोणीस रोल होतात आणि प्रत्येकाला डबी लागते. जवळच्या कलामहाविद्यालयात किंवा रोल धुणाऱ्या स्टुडिओत विचारून पाहा, ते आनंदाने घेतात. अॅल्युमिनियमची निघाली तर तिचा रंग घासू नका, जुन्या वस्तू जमवणाऱ्यांना ती रंगासकट हवी असते. चिरलेल्या झाकणांच्या डब्या भंगारवाल्याला देताना अंग आणि झाकणं वेगवेगळ्या पिशव्यांत भरा. दोन्ही प्लास्टिकं वेगळी आहेत.